देव शोधायला दहा माणसे लागतात

अमेरिकेतल्या ज्यू समाजाची प्यू रिसर्च सेंटरने २०२० मध्ये मोठी पाहणी केली. बायबलमध्ये वर्णिलेल्या देवावर विश्वास असल्याचे सांगणारे प्रौढ त्यात साधारण २६ टक्के निघाले. सुमारे निम्म्यांनी आपण दुसरी कुठली तरी वरची शक्ती मानतो असे सांगितले, तर २२ टक्क्यांनी यातले काहीच मानत नसल्याचे स्पष्ट केले. दर आठवड्याला सिनेगॉगमध्ये, म्हणजे प्रार्थनागृहात, जाणारे तर जेमतेम १२ टक्के. इथेच थांबलो तर निष्कर्ष सोपा आहे: आणखी एक प्राचीन धर्म आधुनिक काळात विरघळत चालला आहे. पण त्याच पाहणीत दहापैकी सहा जणांनी वल्हांडण सणाच्या सेदेर या विधिवत भोजनात भाग घेतला होता, आणि जवळपास निम्म्यांनी योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवशी पूर्ण किंवा काही वेळ उपास धरला होता. म्हणजे बायबलमधला देव मानणाऱ्यांपेक्षा त्या देवापुढे उपाशी राहणारेच जास्त आहेत. जो देव पटत नाही त्याच्यासाठी उपास कशाला, असा प्रश्न इथे पडतोच. ‘ही नुसती संस्कृती आहे, सवय आहे’ हे त्याचे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. देवाचा शोध म्हणजे आधी मनात विश्वास पक्का करणे आणि मग त्याप्रमाणे वागणे, असे आपण गृहीत धरून चालतो. ज्यू परंपरेचा, विशेषतः गेल्या शंभर वर्षांतला, अनुभव वेगळे सांगतो. तिथे शोध टिकला तो आचारामुळे, आणि तो आचार एकट्याचा नव्हता म्हणून.

ज्यू धर्मात श्रद्धेची कलमे नाहीत असे नाही. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मायमोनिडीस या तत्त्वज्ञ वैद्याने तेरा तत्त्वांची यादी केली, आणि ती आजही प्रार्थनेच्या पुस्तकांत छापली जाते. पण पुढच्या पंडितांनी या यादीवर वाद घातले, काहींनी ती कमी केली, काहींनी अशी यादी करण्यालाच हरकत घेतली. खुद्द मायमोनिडीसचे मत असे की देव काय आहे हे माणसाला सांगता येत नाही, काय नाही एवढेच सांगता येते. आपल्याकडच्या ‘नेति नेति’ची आठवण व्हावी असाच हा विचार आहे. देवाच्या स्वरूपाबद्दल इतकी मोकळीक ठेवणारी ही परंपरा शनिवारबद्दल मात्र कमालीची काटेकोर आहे. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत कोणती कामे करायची नाहीत, याचे ३९ प्रकार मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेने सांगितले आहेत: पेरणी, दळण, विणकाम, लेखन, अग्नी पेटवणे आणि असेच पुढे. वॉर्सात जन्मलेले आणि नाझींच्या तडाख्यातून निसटून १९४० मध्ये अमेरिकेत पोहोचलेले विचारवंत अब्राहम जोशुआ हेशेल यांनी १९५१ च्या आपल्या छोट्या पुस्तकात याचा अर्थ उलगडला. इतरांनी पवित्र जागा बांधल्या. ज्यूंनी मुख्यतः पवित्र वेळ बांधली, असे त्यांचे प्रतिपादन होते. मंदिर पाडता येते, लोकांना देशोधडीला लावता येते, पण शनिवार कुणी जप्त करू शकत नाही. त्या दिवसात शिरण्यासाठी आधी देवाबद्दलचे मत सिद्ध करावे लागत नाही. काम थांबवावे लागते, आणि थांबलेल्या माणसापुढे प्रश्न आपोआप उभा राहतो.

कद्दिश या प्रार्थनेत हे सगळ्यात स्पष्ट दिसते. आई किंवा वडील वारल्यावर मुलाने अकरा महिने ती रोज म्हणायची, अशी रूढी आहे. अरामी भाषेतल्या या प्रार्थनेत मृत्यूचा उल्लेखही नाही. त्यात आहे ते देवाच्या नावाचे गौरवगान, म्हणजे शोकाकुल माणसाला त्या घडीला कदाचित सगळ्यात अवघड वाटणारी गोष्ट. शिवाय ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा प्रौढ हजर असावे लागतात. कर्मठांमध्ये दहा पुरुष, उदारमतवादी पंथांत स्त्रियाही मोजल्या जातात. शोकात असलेला उठून उभा राहतो, म्हणतो, आणि बाकीचे ठरलेल्या जागी ‘आमेन’ म्हणून त्याला साथ देतात. तुझा देवावर विश्वास आहे का, राग आहे का, हे त्याला कुणी विचारत नाही. विचारले जाते ते इतरांना: आज दहावा माणूस कोण होणार? सकाळी कामावर जाण्याआधी कुणी तरी वाट वाकडी करून यावे लागते, तेव्हा कुठे शेजाऱ्याला आपले दुःख देवापुढे मांडता येते. दफनानंतरचे पहिले जेवणही शोकाकुल घराने स्वतः रांधायचे नसते. ते शेजारी आणतात, आणि त्यात उकडलेली अंडी असतात. ज्याची श्रद्धा त्या दिवशी कोसळलेली आहे त्याला इथे प्रवचन मिळत नाही, माणसे मिळतात. अशी व्यवस्था करणाऱ्यांना माणसाचे मन नीट कळले होते. विश्वास येतो-जातो हे ओळखून त्यांनी तो गेलेला असताना काय करायचे याची तजवीज करून ठेवली.

या तजविजीची सगळ्यात भयंकर परीक्षा विसाव्या शतकात झाली. नाझींच्या हातून साठ लाख ज्यू मारले गेल्यावर इतिहासात हस्तक्षेप करणारा न्यायी देव मानायचा तरी कसा? रिचर्ड रुबेनस्टाइन या अमेरिकी रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, १९६६ मध्ये लिहिले की आउश्वित्झच्या मृत्यूछावणीनंतर तो देव मानणे शक्य नाही. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी विधी आणि समाज सोडायला सांगितले नाही. आकाश रिकामे असेल तर माणसांना एकमेकांची आणि विधींची गरज अधिकच आहे, असा त्यांचा सूर होता. रब्बी हॅरल्ड कुशनर यांचा मुलगा अकाली वार्धक्याच्या दुर्मीळ आजाराने चौदाव्या वर्षी गेला. १९८१ च्या गाजलेल्या पुस्तकात त्यांनी देवाचे सर्वशक्तिमान असणे सोडले आणि त्याचे दयाळू असणे राखले. या दोघांच्याही आधी, नाझींनी ज्यूंना कोंडले होते त्या वॉर्साच्या घेटोतच, हसिदी या भक्तिपंथाचे पिआसेच्नोचे रब्बी कलोनिमस शापिरा आपल्या लोकांना दर शनिवारी उपदेश करत होते. युद्धाच्या पहिल्याच महिन्यात बॉम्बहल्ल्याने त्यांचा मुलगा हिरावून घेतला होता. देवाचे दुःख इतके अपार आहे की तो आतल्या दालनात लपून रडतो, आणि अभ्यास-प्रार्थनेतून माणूस तिथे शिरू शकतो, त्याच्यासोबत रडू शकतो, या जुन्या कल्पनेला त्यांनी त्या नरकात नवा अर्थ दिला. १९४३ मध्ये त्यांची हत्या झाली. जमिनीत पुरलेले त्यांचे कागद युद्धानंतर सापडले आणि १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. आज अध्यात्माच्या ओढीने हसिदी विचारांकडे वळणारे तरुण ज्यू हे उपदेश आवर्जून वाचतात. या तिघांची देवाबद्दलची उत्तरे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. तरी तिघांनाही एकाच प्रार्थनेच्या पुस्तकातून, एकाच पंचांगातून बोलता आले. उत्तरे मोडली तरी प्रश्न विचारण्याची जागा शाबूत राहिली.

याच्या बरोबर उलट दिशेने जाणारा एक प्रवाह १९६० नंतर सुरू झाला, आणि तो भारतापर्यंत येतो. अमेरिकेतल्या सुखवस्तू उपनगरांतले सिनेगॉग अनेक तरुणांना कोरडे वाटू लागले. इमारत भव्य, पण देवाचा शब्द नाही. जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग यांच्यासारखे ज्यू कुटुंबांतले तरुण बोधगयेला विपश्यना शिकले आणि त्यांनी १९७५ मध्ये अमेरिकेत ध्यानकेंद्र उभारले. इस्रायलमध्ये लष्करी सेवा संपवून गोवा, धरमकोट, कसोल गाठणाऱ्या तरुणांची रांग अजून थांबलेली नाही. ही तहान खरी आहे. तिला पळवाट म्हणणे अन्यायाचे होईल. तिच्यामुळेच ज्यू धर्माला आपली विसरलेली ध्यानपरंपरा, कब्बाला ही गूढविद्या आणि हसिदी भजने पुन्हा सापडली. रब्बी झाल्मन शाख्तर-शालोमी यांची नवजागरण चळवळ हे त्याचे मोठे उदाहरण. हेच झाल्मन १९९० मध्ये इतर काही ज्यू प्रतिनिधींबरोबर धरमशाळेला दलाई लामांच्या भेटीला आले. रॉजर कॅमेनेट्झ यांच्या १९९४ च्या पुस्तकामुळे ही भेट सर्वपरिचित झाली. दलाई लामांना कब्बालाविषयी कुतूहल होतेच, पण त्यांचा मुख्य प्रश्न व्यावहारिक होता: मातृभूमी गमावून दोन हजार वर्षे तुम्ही टिकलात कसे? त्याचे उत्तर ध्यानाच्या एखाद्या तंत्रात नव्हते. ते घरात होते: शुक्रवारचे ताट, मुलांनी प्रश्न विचारायचे सेदेरचे जेवण, पिढ्यान्‌पिढ्या चाललेले पठण. ज्यू तरुण भारतात जे शोधायला येत होते त्याच्या नेमके उलट निर्वासित तिबेटी धर्मगुरू ज्यूंकडे मागत होते. अनुभवाची उंची एकट्यालाही गाठता येईल, पण ती पुढच्या पिढीच्या हाती द्यायची तर समाजाचा रोजचा आचार लागतो.

आचार म्हणजे डोळे मिटून आज्ञापालन, असेही इथे समजू नये. ज्यू आचाराचा गाभा अभ्यास आहे आणि अभ्यासाचा गाभा वाद. जोडीदार समोर बसवून मोठ्याने वाचायचे, प्रत्येक वाक्याला हरकत घ्यायची, अशी पद्धत आहे. ताल्मूद या धर्मचर्चांच्या ग्रंथातली एक कथा प्रसिद्ध आहे. भट्टीच्या शुद्धतेवरून वाद चाललेला असताना रब्बी एलिएझर आपल्या बाजूने चमत्कार घडवतात: झाड जागचे हलते, ओहोळ उलटा वाहतो, शेवटी आकाशवाणीही त्यांचाच पक्ष घेते. बाकीचे रब्बी ऐकत नाहीत. धर्मशास्त्र आता स्वर्गात राहिलेले नाही, निर्णय बहुमताने होईल, असे ठणकावतात. यावर देव हसतो आणि मुलांनी आपल्याला हरवले म्हणतो. देवाशी असे भांडण जपून ठेवणारा ग्रंथ नास्तिकालाही परका वाटत नाही. म्हणूनच १९८९ मध्ये जेरुसलेमला ‘एलुल’ हे अभ्यासगृह निघाले, जिथे श्रद्धाळू आणि निधर्मी एकत्र ताल्मूद वाचू लागले. त्याच्या एक संस्थापक, निधर्मी मानल्या जाणाऱ्या रूथ कॅल्डेरॉन २०१३ मध्ये इस्रायलच्या संसदेत निवडून आल्या आणि पहिल्या भाषणात त्यांनी चक्क ताल्मूद उघडून शिकवला. कथा होती रब्बी रहूमींची: वर्षातून एकदा, योम किप्पूरच्या आदल्या दिवशी, ते घरी येत. एका वर्षी अभ्यासात इतके गढले की निघायचेच राहिले. ‘आत्ता येतील’ म्हणत वाट पाहणाऱ्या बायकोच्या डोळ्यांतून एक थेंब ओघळला, आणि तिकडे ज्या गच्चीवर ते बसले होते ती कोसळून ते मेले. धर्मग्रंथ सांगतो आहे की धर्मग्रंथात बुडून घरच्या माणसाला विसरणे प्राणघातक आहे. सभागृहात अध्यक्षस्थानी असलेल्या शास या कर्मठ पक्षाच्या सदस्यानेही मध्येच त्या कथेत आपली भर घातली. ज्यांचे देवाबद्दल एकमत होणे शक्य नाही ते एका पानावर एकत्र आले.

आचाराच्या या बळाचा पुरावा आपल्या कोकणातही आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या सात पुरुषांपासून आणि सात स्त्रियांपासून आपण झालो, असे बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते. त्यांच्याजवळ धर्मग्रंथ राहिले नाहीत, हिब्रू भाषा विसरली गेली, शिकवायला रब्बी नव्हते. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, आणि ‘शेमा’ हे एकच आठवणारे वचन सगळ्या मंगल-अमंगल प्रसंगी म्हटले जाई. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यूने त्यांची पारख केली ती माशांवरून, अशी आख्यायिका आहे: त्याने बायकांपुढे वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले आणि त्यांनी शास्त्राप्रमाणे खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले. त्या बायकांना कुणी ईश्वरशास्त्र विचारले असते तर त्या गप्प राहिल्या असत्या. पण शतकानुशतके दर शनिवारी बंद राहिलेल्या घाण्याने आणि निवडून घेतलेल्या माशांनी एक जागा धरून ठेवली होती. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. पुढच्या शतकात सेदेरची पोथी मराठीत आली, बायबलमधल्या आख्यानांवर मराठी कीर्तने झाली. आजही गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करून ते एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे स्मरण करतात. आधी आचार टिकला, म्हणून नंतर ग्रंथ, भाषा आणि चिंतन यांना परतायला घर सापडले.

यावर मराठी वाचकाच्या मनात पहिला आक्षेप येईल तो कर्मकांडाचा. आपल्या संतांनी कोरड्या विधींवर कोरडे ओढले. मग विश्वासाशिवाय विधी करण्याची ही तरफदारी म्हणजे ढोंगाला मान्यता नव्हे का? आक्षेप गंभीर आहे. पण संतांनी सोवळ्याच्या अहंकारावर आणि दक्षिणेच्या धंद्यावर प्रहार केले. एकादशी, नामस्मरण आणि पायी वारी त्यांनीच रुजवली. म्हणजे त्यांचे भांडण आचाराशी नव्हते, आतून मेलेल्या आचाराशी होते. ज्यू संदेष्ट्यांचेही तेच. ढोंग म्हणजे जे आपल्यात नाही ते आहे असे दाखवणे. जो माणूस ‘मला देव पटत नाही, पण दहावा म्हणून मी येतो’ असे उघड म्हणतो तो काहीच लपवत नाही. तो आपल्या आजच्या मताला अंतिम मानायला नकार देतो, एवढेच. मनाची खात्री झाल्याशिवाय हालचाल करायची नाही हा नियम आपण मैत्रीत, संसारात, नागरिकत्वातही पाळत नाही. तिथेही निष्ठा बहुधा वागण्यातून घडते. देवाच्या बाबतीतच आधी खात्री आणि मग पाऊल, असा हट्ट धरण्याचे कारण मला दिसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. समाजाचा आचार म्हटला की दरवाजा आला, आणि दरवाजावर पहारेकरी. दहा जणांत स्त्रीला न मोजण्याची रीत शतकानुशतके चालली. नवऱ्याने घटस्फोटाचे पत्र दिले नाही म्हणून अडकून पडलेल्या स्त्रिया आजही आहेत. खुद्द बेने इस्राएलांना हा पहारा सोसावा लागला: इस्रायलमध्ये गेल्यावर तिथल्या धर्मपीठाने विवाहासाठी त्यांच्या वंशाची चौकशी लावली, आणि आंदोलनानंतर १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले तेव्हा तो अपमान मिटला. हे दोष लपवण्यासारखे नाहीत. पण ते कसे सुधारले गेले हेही पाहावे. १९२२ मध्ये न्यूयॉर्कला रब्बी मॉर्डेकाय कॅप्लन यांनी आपली मुलगी ज्युडिथ हिला सर्वांसमोर तोरा हा धर्मग्रंथ वाचायला उभे केले. १९३५ मध्ये जर्मनीत रेगिना योनास रब्बी झाल्या. त्यांना आउश्वित्झमध्ये मारले गेले. १९७२ मध्ये अमेरिकेत सॅली प्रीसँड यांना रब्बीपद मिळाले. ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांनी परंपरा टाकून दिली नाही, तिच्यातला आपला वाटा मागितला. ज्या आचारात वादाची मुभा आहे त्यालाच हे शक्य होते. जिथे प्रश्न विचारणारा बहिष्कृत होतो तिथे माझा युक्तिवाद लागू पडत नाही, हे मी मान्य करतो.

तिसरा आक्षेप माझ्या युक्तिवादाच्या मुळाशीच जातो. आचार समाजाला इतका घट्ट बांधतो तर उद्या समाज स्वतःलाच देव मानू लागेल. इस्रायलच्या १९६७ च्या युद्धानंतर हा इशारा सर्वांत कठोर शब्दांत दिला तो येशायाहू लाइबोविट्झ यांनी. हिब्रू विद्यापीठातले हे शास्त्रज्ञ स्वतः कर्मठ आचार पाळणारे होते. राष्ट्र, भूमी, सैन्य यांना पवित्र मानणे ही मूर्तिपूजा आहे, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. ७ ऑक्टोबर २०२३ चा हमासचा हल्ला आणि त्यानंतरचे गाझातले युद्ध यांनी तो प्रश्न पुन्हा धगधगता केला आहे. धर्माच्या नावाने भूमीवरचा हक्क सांगणारे राजकारणी इस्रायलच्या सरकारात आहेत, आणि त्याच तोराचा आधार घेऊन पॅलेस्टिनींच्या हक्कांसाठी उभे राहणारे रब्बीही आहेत. १९८८ पासून त्यांची संघटना काम करते. पोथी तीच, शनिवार तोच. फरक पडतो तो देव हा आपल्या बाजूचा शिक्का आहे की आपल्याला जाब विचारणारा आहे, यावर. म्हणूनच देवाचा प्रश्न गाळून नुसता समाज आणि सण ठेवा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. हेशेल यांनी १९५५ च्या ग्रंथाला शीर्षकच असे दिले की देव माणसाला शोधतो आहे. तो प्रश्न अंगावर घेतल्यामुळेच ते १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर सेल्माच्या मोर्च्यात, दुसऱ्या समाजाच्या हक्कासाठी, चालले.

आज आपल्या शहरांतही अध्यात्माची मागणी वाढते आहे. शिबिरे, ॲप, गुरू यांचा भर मुख्यतः एकट्याच्या मनःशांतीवर असतो. शांती वाईट नाही, पण तेवढ्यावर भागत नाही. ज्यू अनुभवातून तीन कसोट्या हाती लागतात, आणि त्या कुठल्याही मार्गाला लावता येतील. श्रद्धा आटते त्या दिवशीही तो मार्ग मला काही करायला लावतो का? शेजाऱ्याच्या दुःखासाठी मला घराबाहेर काढतो का? माझ्याच लोकांच्या चुकीपुढे मला उभे करतो का? पहिल्या दोन कसोट्यांना उतरणारा समाज टिकेल. तिसरीला उतरला तरच त्याच्या टिकण्यात देवाचा शोध उरला आहे असे म्हणता येईल.